आईचा रिकामा दिवस

'क्रूझ' हा शब्द आपल्या अंकात बहुधा पहिल्यांदाच छापला जात असेल. पाणी, रेशन, पोटगी, मारहाण, कोर्टकचेऱ्या यांतून जागा उरली तर आपण सणावारांची चिकित्सा करतो. समुद्रात फिरणाऱ्या महागड्या जहाजावर आईला घेऊन जाणं हा विषय रविवारच्या पुरवणीचा, आपला नव्हे, असं गटातल्या दोघी-तिघींनी मला स्पष्टच सांगितलं. तिकिटाचे पैसे पाहिले तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. दोन रात्रींच्या एका माणसाच्या तिकिटात आपल्या एखाद्या घरकामगार मैत्रिणीचे दोन-तीन महिन्यांचे पगार जातात.

तरीही मी लिहायला बसले आहे. कारण प्रश्न जहाजाचा नाहीच. आयुष्यभर राबलेल्या बाईला एक अख्खा रिकामा दिवस मिळावा असं आपल्याला वाटतं का, हा प्रश्न आहे. आणि तो दिवस मुलीने तिला द्यायचा म्हटला की घरात काय काय उठतं, तेही बोलायला हवं. आपण आईच्या औषधांवर बोलतो, तिच्या हक्काच्या खोलीवर बोलतो, तिच्यावर होणाऱ्या अन्यायावर तर बोलतोच. तिच्या मौजेवर मात्र आपण चळवळीतल्या बायकासुद्धा बोलत नाही. जणू मौज हा हक्कांच्या यादीतला शेवटचा, सगळं झाल्यावर उरलं तर द्यायचा पदार्थ.

समुद्रावर जायला कारण लागतं

पुण्याला समुद्र नाही, पण पुण्याच्या बायकांच्या इतिहासात समुद्र आहे. १८८३ साली, समुद्र ओलांडला की जात बाटते असं मानलं जात होतं त्या काळात, दोन तरुण बायका वेगवेगळ्या बोटींनी निघाल्या. आनंदीबाई जोशी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला गेल्या, नवऱ्याशिवाय, वयाच्या अठराव्या वर्षी. त्याच वर्षी पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, नवरा वारला होता आणि बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला हजर राहायला रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हाही मनोरमा बरोबर होती. पाच वर्षांची होण्याआधी या मुलीने आईच्या सोबतीने दोन मोठे समुद्रप्रवास केले होते. आई आणि लेक समुद्रावर, हे चित्र आपल्याकडे इतकं जुनं आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या बायकांना समुद्रावर जायला कारण द्यावं लागलं. आनंदीबाईंनी तर निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरला जाहीर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो आहोत ते लोकांना समजावून सांगितलं. देशाला बायका डॉक्टर हव्यात, म्हणून मी जाते. एवढं मोठं कारण दिलं तरी त्यांच्यावर टीका झालीच. रमाबाईंचं कारणही शिक्षणाचंच होतं.

आज समुद्रावरच्या बायकांची बातमी होते ती पराक्रमाची. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा अधिकारी बायकांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दोघींनीच पुन्हा केली. आपल्याला त्यांचा अभिमान आहेच. पण शिक्षण नको, पराक्रम नको, पुण्यही नको, नुसतं बसायला म्हणून बाई समुद्रावर गेली तर चालेल का? २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईच्या बायकांबद्दल हेच मांडलं होतं. बाईने बाहेर दिसायचं तर तिच्या हातात काही काम हवं, निदान काम असल्याचा आव तरी हवा. विनाकारण रेंगाळणारी बाई समाजाला खुपते. तरुण मुलींच्या बाबतीत हे आता आपल्याला पटलं आहे. आपल्या आयांच्या बाबतीत अजून पटलेलं दिसत नाही.

आईसाठी आपल्याकडे मान्यता असलेल्या वाटा ठरलेल्या आहेत. काशीयात्रा, चारधाम, आळंदी-पंढरपूरची वारी, नातवाची मुंज, सुनेचं नाहीतर लेकीचं बाळंतपण. शेवटच्या दोन्हींत तर ती कामालाच जाते. परदेशात मुलं असलेल्या पुण्यातल्या कितीतरी आया सहा महिन्यांच्या व्हिसावर जातात, त्या तिथे फिरायला जातात असं आपण म्हणतो. त्यांच्या तोंडून ऐका: पहिला महिना फिरण्याचा, पुढचे पाच पोळ्या आणि पाळणा. वारीत बायका मोकळ्या होतात हे खरंच आहे, पण तिथेही मोकळेपणाला विठ्ठलाचा परवाना लागतो.

बोट लागणे

माझ्या आईने समुद्र पाहिलेला होता. निदान आम्ही घरात सगळे तसं धरून चाललो होतो. तिचं माहेर विजयदुर्गजवळचं. लग्नानंतरची पहिली वर्षं ती गिरगावात राहिली, आणि तिथून माहेरी जायला बोट होती. आज चाळिशीच्या आत असलेल्या मैत्रिणींना या बोटी ठाऊक नसतील. मुंबईहून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग करत पार पणजीपर्यंत जाणाऱ्या त्या प्रवासी बोटी म्हणजे कोकणच्या गरीब माणसाचा रस्ता. गिरणीतला चाकरमानी, त्याची बायको, पोरं, वळकट्या, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं डेकवर. जिथे धक्का नव्हता तिथे बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यावं लागायचं, कडेवरचं मूल सावरत. पावसाळ्यात बोटी बंद. आणि समुद्राचं भय प्रत्येकाच्या मनात, कारण १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली होती.

समुद्राने पोटात ढवळणं याला आपल्या भाषेत 'बोट लागणं' म्हणतात, इतक्या त्या बोटी आपल्या अंगवळणी पडल्या होत्या. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्याआधीच त्या बंद पडल्या होत्या. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची क्रूझ बोट निघाली, त्याहून मोठी जहाजंही मुंबईहून सुटू लागली. एकेकाळी गरिबाची गरज असलेला प्रवास आता पैसेवाल्याची हौस म्हणून परत आला आहे. हे विसरून क्रूझबद्दल काही लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आईला मी नेलं ती सहल मुंबईहून निघून मुंबईलाच परत येणारी होती. मधला एक अख्खा दिवस जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, नुसतं पाण्यावर असतं. ना बाजारहाट, ना देऊळ, ना नातेवाईक. आई शहात्तर वर्षांची. त्या दिवशी ती नेहमीसारखी पाचला उठली. अंथरुणाच्या घड्या घातल्या. नाश्त्याच्या टेबलावर आमच्याच नव्हे, शेजारच्या अनोळखी कुटुंबाच्याही रिकाम्या बश्या एकात एक ठेवल्या. खोली झाडायला आलेल्या मुलीला तिने नाव-गाव विचारलं. ती मणिपूरची होती, सात महिन्यांत घरी गेली नव्हती. आईने तिला बेसनाचे दोन लाडू दिले. दहा वाजता म्हणाली, "आता काय करायचं असतं?"

काहीच करायचं नसतं, हे तिला पटायला दुपार झाली. अकरा ते एक ती बेचैन होती. घरी गॅस नीट बंद केला असेल ना, दादाची शुगर तपासली असेल ना, असं चालू होतं. जेवणानंतर ती डेकवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. मी तिला दुपारी सगळ्यांसमोर, उघड्यावर, पाय पसरून झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. जागी झाल्यावर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तेव्हा मी समुद्र बघितलाच नाही गं. मला नुसती ट्रंक आठवते. तिच्यावर पाय ठेवून बसले होते रात्रभर. तू पोटात होतीस आणि बोट लागली होती."

पन्नास-बावन्न वर्षं आम्ही म्हणत आलो की आईने काय, समुद्र भरपूर पाहिलाय.

संध्याकाळी ती आणखी बोलली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. फ्लॅट त्यांच्या नावावर. दोघे भाऊ तो विकायचा म्हणतात, जुना झालाय, लिफ्ट नाही. विकल्यावर आईने चार महिने एकाकडे, चार महिने दुसऱ्याकडे, उरलेले चार "बघू" असं राहायचं. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची तयारी चालू होती, आणि ती गेले वर्षभर गुडघ्याचं, सणाचं, कशाचं तरी निमित्त काढून ते टाळत होती. "मला माझ्या ओट्यावरून हलायचं नाही," ती म्हणाली. हे वाक्य ती घरात कुणापुढे बोलू शकली असती? घरात ती बोलायला लागली की कुकरची शिट्टी होते, नाहीतर कुणाला तरी चहा हवा असतो. आमच्या दोन खोल्यांच्या घरांत आई आणि लेक एकमेकींशी बोलतात ते भाजी निवडताना, दबक्या आवाजात, कान दाराकडे ठेवून.

परतल्यावर महिन्याभराने आईने सही करणार नाही असं दोन्ही भावांना स्वतः सांगितलं. मी बोलले नाही, बोलायची वेळच आली नाही. वाद झाला. अजून पुरता मिटलेला नाही. पण ती तिच्या घरात आहे.

बाई बोलती होते त्यासाठी तिला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी ताब्यातला असून चालत नाही. आपण शिबिरांतून हे वर्षानुवर्षं अनुभवलं आहे. पहिल्या दिवशी गप्प बसलेली बाई दुसऱ्या रात्री बोलते, कारण दोन वेळचं जेवण तिने रांधलेलं नसतं. शिबिराला येण्याचं वय आणि धाडस ज्यांच्यात उरलं नाही त्या आपल्या आयांसाठी आपण काय केलं?

मुलीच्या पैशाने?

जाण्याआधीचा वाद सांगायला हवा, कारण तो फक्त माझ्या घरातला नाही. आईचं पहिलं वाक्य होतं, "जावयाला काय वाटेल?" तिकीट माझ्या पगारातून काढलं होतं तरी. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. शिकल्यासवरल्या घरांतही ही रीत पुसली गेलेली नाही, फक्त तिने कपडे बदलले आहेत. आई मुलीकडे राहायला गेली की 'पाहुणी' असते आणि मुलाकडे 'घरी' असते. मुलाने आईला फिरवलं तर श्रावणबाळ, मुलीने फिरवलं तर भावांची नाचक्की.

कायदा या बाबतीत रिवाजाच्या पुष्कळ पुढे आहे. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात, विजया मनोहर आरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई, सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली स्पष्ट केलं की आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलीवरही आहे, तिचं लग्न झालेलं असलं तरी. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ तेव्हा लावलं गेलं, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हक्कही हळूहळू आले. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून. २००५ मध्ये ती देशभर झाली आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात उरलेल्या शंका सर्वोच्च न्यायालयाने मिटवल्या. आणि वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्र न करता मागे राहिली, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा आई, मुलगे आणि मुली सारख्याच वाट्याच्या धनी असतात. आई मुलांच्या दयेवर राहत नाही, ती भागीदार असते. हे आपल्या आयांना माहीत असतं का? त्यांना सांगायला कुणी बसतं का?

पण याच कायद्यांत एक फट आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा काढून वाचा. 'निर्वाह' म्हणजे काय, तर अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. करमणुकीचा उल्लेख येतो तो 'कल्याण' या शब्दाच्या व्याख्येत, करमणूक केंद्रं म्हणून, म्हणजे सरकारने काढली तर. म्हाताऱ्या माणसाला जगवायचं ते देहापुरतं, हीच समजूत त्यात उतरली आहे. बाईच्या बाबतीत ती दुप्पट घट्ट आहे, कारण तिने उभ्या आयुष्यात देहाच्या गरजेपलीकडे काही मागितलेलंच नसतं.

आंतरराष्ट्रीय कागदपत्रं मात्र हे स्पष्ट मांडतात. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २४ वं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क सांगतं. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचा शब्द जाऊन 'सर्व माणसं' आली ती आपल्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. बायकांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा करार भारताने १९९३ मध्ये मान्य केला, त्याचं १३ वं कलम करमणुकीत आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या समान हक्काबद्दल आहे. आपण या कराराची कितीतरी कलमं शिबिरांत शिकवली. तेराव्यापाशी आपण थांबलो असं मला आठवत नाही.

रविवार कोणाचा?

फुरसत ही श्रीमंतांची चैन आहे असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करून देईन. सत्यशोधक चळवळीतून आलेल्या लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं आणि १० जून १८९० पासून त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. फुरसतीची मागणी आपल्याकडे पहिल्यांदा कामगारांनी केली, शेठजींनी नव्हे. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली उत्स्फूर्त संप केला, तेव्हा पगाराइतकाच आजारपणातल्या रजेचा मुद्दा कळीचा होता. काम न करण्याचा हक्क हा कष्टकऱ्यांचाच हक्क आहे.

पण लोखंड्यांचा रविवार घराच्या उंबऱ्यापाशी थांबला. घरात रविवार म्हणजे मटण नाहीतर पुरी-भाजी, धुण्याचा ढीग आणि पाहुणे. सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीचे आकडे बघा: बिनमोल घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. नोकरदार माणसाला साठाव्या वर्षी निवृत्ती मिळते. घरकामाला निवृत्तीचं वय नाही. सून आली तर बाई ओट्यावरून जरा बाजूला सरते, पण भाजी निवडणं, नातवंडं, देवपूजा आणि म्हाताऱ्या नवऱ्याची पथ्यं तिच्याकडेच राहतात.

आपल्या संस्कृतीत बाईच्या विश्रांतीला एक सुंदर शब्द आहे: माहेरपण. पुण्याच्याच गी पॉतवें आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आणि आई पुन्हा पुन्हा येतात, ते उगाच नाही. सासरी राबणाऱ्या बाईला श्वास घ्यायची ती एकच जागा. पण माहेरपण कुणाच्या जिवावर होतं? आईच्या. लेक बसते तेव्हा आई उठते. आणि आई स्वतः म्हातारी होते तेव्हा तिचे आईवडील गेलेले असतात, भाऊ-भावजया परक्या झालेल्या असतात. म्हातारपणी बाईला माहेर उरत नाही. ते तिला कुणी द्यायचं, तर मला वाटतं लेकीने. भावांनीही द्यावं, जरूर द्यावं, पण लेकीने दिलेलं घ्यायला आईने शिकायला हवं आणि ते द्यायला आपण शिकायला हवं.

आणखी एका बाईच्या पाठीवर नको

आता ती मणिपूरची मुलगी. माझ्या आईने ज्या दिवशी काम केलं नाही त्या दिवशी ते काम कुणीतरी केलंच. जहाजाच्या वरच्या मजल्यावर मौज आणि खालच्या मजल्यांवर धुणं, भांडी, स्वयंपाक, तेही महिनोन् महिने घरापासून दूर. फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात करोनामुळे अडकलं. सातशेहून अधिक लोकांना लागण झाली. प्रवाशांना खोल्यांत थांबायला सांगितलं होतं आणि त्यांना जेवण पोचवायला कर्मचारी फिरत होते. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांत जहाजावरच्या माणसाच्या पैशावर चूल पेटते, आणि ती चूल सांभाळणारी बाई एकटी असते. कोळणींना तर समुद्र म्हणजे पहाटे धक्क्यावरची टोपली आणि दिवसभरचा बाजार. त्यांच्यापुढे समुद्रदर्शनाचं कौतुक करताना जीभ अडखळायला हवी.

म्हणून मी क्रूझचा प्रचार करत नाही. या जहाजांचं इंधन, त्यांचा कचरा, त्यांची तिकिटं हे सगळे आक्षेप मला मान्य आहेत. एका बाईची विश्रांती दुसऱ्या बाईच्या पाठीवर लादून आपलं भागणार नाही. घरात आईसाठी ब्यूरोच्या मावशी ठेवल्या आणि त्यांना महिन्यात एकही सुट्टी दिली नाही, तर आपण विश्रांती मिळवली नाही, नुसती ढकलली. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण आठवड्याची पगारी सुट्टी आजही मालकिणीच्या मर्जीवर आहे, आणि ती मालकीण पुष्कळदा आपल्यापैकीच असते. आईचा रिकामा दिवस आणि मावशींचा रिकामा दिवस या दोन्ही मागण्या आपण एकत्रच करायला हव्यात.

गटांनी काय करावं

क्रूझ परवडत नाही म्हणून समुद्र सोडायला नको. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवासच मोफत आहे. पुण्याहून एसटीने अलिबाग, तिथून मांडवा, आणि मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट, जी मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तासाभराचा समुद्र होतो, बसायला जागा असते, चढायला पायऱ्यांची कसरत कमी. कोकणात दाभोळ-धोपाव्यासारख्या खाडीवरच्या फेरीबोटी आहेत, त्यांचं तिकीट तर किरकोळ आहे. दहा-बारा जणींच्या गटाने आपापल्या आयांना आणि सासवांनाही घेऊन वर्षातून एक दिवस काढणं अशक्य नाही. अट एकच: त्या दिवशी डबा आयांनी करायचा नाही. थालीपीठही नाही, "थोडासा चिवडा"ही नाही.

हे करताना दोन मागण्या आपण लावून धरायला हव्यात. पहिली स्वच्छतागृहांची. प्रवासाला निघायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी न पिणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपल्या सगळ्यांच्या घरांत आहेत. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेने हा प्रश्न पालिकेच्या दारात नेला. एसटी स्थानकं आणि बंदरांच्या धक्क्यांवरही तो न्यायला हवा. दुसरी मागणी सुरक्षिततेची. १८ डिसेंबर २०२४ ला गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर लाइफ जॅकेट, म्हाताऱ्यांना चढ-उतार करायला हात द्यायला माणूस, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं न घेणं, एवढं मागण्यासाठी पुढच्या अपघाताची वाट पाहू नये.

आणि एक काम पैशाविना होणारं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या आईला, नाहीतर सासूला, तीन प्रश्न विचारून यावं. ज्या दिवशी तुम्ही कुणासाठीच काही केलं नाहीत असा शेवटचा दिवस कोणता? घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का? आणि कुठे जायचं राहून गेलं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून आणावीत, सुधारून नव्हे. पहिल्या प्रश्नावर बऱ्याचजणी हसतील, त्याचीही नोंद करावी. ज्या गटांना जमेल त्यांनी ती आमच्याकडे पाठवावीत, पुढच्या अंकात आपण ती छापू आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवर वकील मैत्रिणींकडून स्वतंत्र लेख लिहून घेऊ.